वाचक विचारतात : पलटणीची बटणे

प्रश्न : आमच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबा, चुलत आजोबा आणि वडील यांच्या गणवेशांची पितळी बटणे एकत्र सापडली. काहींवर शिंग व ११० हा आकडा, काहींवर मुकुट व नांगर, तर काहींवर तीन सिंह आहेत. सगळीच हिरवी पडली आहेत. आमसुलाने घासली की लख्ख होतील, असे आई म्हणते. मग ती चौकटीत बसवून ओटीवर लावावीत असा विचार आहे. योग्य होईल का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : आमसूल तूर्त बरणीतच राहू द्यावे. देवघरातल्या समईला ते चालते, परंतु अनेक गणवेशांच्या बटणांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो आणि आंबट पदार्थाने घासल्यास तो निघून जातो. शिवाय पितळातले जस्त आधी विरघळून पृष्ठभागावर तांब्याची लालसर छटा उरते, जी पुन्हा पूर्ववत करता येत नाही. बाजारातल्या पॉलिशमध्ये बारीक खर असते. शिपायांनी रोज घासून अशा बटणांवरचा उठाव आधीच बोथट केलेला असतो; उरलेला आपण घालवू नये.

घट्ट, एकसारखा काळपट थर बटणाचे रक्षण करतो, त्याला हात लावू नये. भुकटीसारखा फिकट हिरवा थर मात्र बहुधा खाऱ्या हवेतल्या क्लोराइडमुळे येतो आणि दर पावसाळ्यात वाढत जातो. अशी बटणे वेगळी काढून लाकडी दातकोरणीने भुकटी अलगद खरवडावी, बॅटरीत घालतात त्या शुद्ध केलेल्या पाण्यात मऊ ब्रशने धुवावीत आणि लगेच पूर्ण कोरडी करावीत. पोकळ बटणांत मागच्या कडीपाशी पाणी अडकते, त्यामुळे ती कडी खाली करून निथळू द्यावीत.

धुण्यापूर्वी मात्र प्रत्येक बटणाची पाठ वाचून टिपून ठेवावी. तिथे बहुधा लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या कारखान्याचे नाव असते आणि त्यावरून काळाचा अंदाज येतो. आपल्या बटणांबाबत पुढची बाजूही बोलकी आहे. शिंग हे लाइट इन्फन्ट्रीचे, म्हणजे हलक्या पायदळाचे चिन्ह. ११० हा आकडा मराठा पलटणीला १९०३ च्या फेरक्रमांकनात मिळाला आणि १९२२ मध्ये ती ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाल्यावर गेला, म्हणजे ही बटणे त्या एकोणीस वर्षांतली. पहिल्या महायुद्धात हीच पलटण आजच्या इराकमधल्या कुत या गावाच्या वेढ्यात होती, जिथे २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली. पणजोबांचे पेन्शनचे कागद सापडल्यास ते त्यांपैकी होते का, हे पाहावे. दापोलीला आजही ‘कॅम्प’ म्हणतात, म्हणून इथे सापडलेले प्रत्येक बटण इथल्या जुन्या ब्रिटिश लष्करी छावणीचे असल्याचे हौशी लोक सांगतात, पण ही छावणी एकोणिसाव्या शतकातली, म्हणजे आपल्या बटणांच्या आधीची.

नांगर व मुकुट असलेली बटणे आरमारी आहेत आणि ती २६ जानेवारी १९५० पूर्वीची असावीत, कारण प्रजासत्ताकाबरोबर मुकुट जाऊन सिंह आले. मुकुटाच्या कमानी मधोमध खचलेल्या असल्या आणि तो एलिझाबेथ राणीच्या काळचा निघाला, तर ते बटण भारतीय सेवेतले नव्हे. राणी गादीवर आली १९५२ मध्ये.

मांडणीबाबत माझे मत स्पष्ट आहे : बटणे चिन्हांप्रमाणे नव्हे, माणसांप्रमाणे लावावीत आणि प्रत्येकाखाली नाव व नोकरीची वर्षे लिहावीत. आम्लरहित पुठ्ठ्याला भोके पाडून कडी मागे न्यावी आणि सुती दोऱ्याने अडकवावी. गोंद कधीही वापरू नये. प्लायवूडमधून आम्लाची वाफ निघते, लोकरी फेल्ट चांदीचा मुलामा काळा करते आणि पीव्हीसीच्या मऊ पिशव्या तर पितळाला सरळ खातात. ओटीची बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते, म्हणून चौकट आतल्या भिंतीवर लावावी. जून ते सप्टेंबर ती उतरवून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवली, तर अधिकच उत्तम.

प्रश्न : किल्ल्यालगत वाळूत जुनी बटणे मिळतात. एक ओळखीचे गृहस्थ ती परदेशी ग्राहकांना पाठवू म्हणतात. हरकत आहे का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : आहे. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग यांसारख्या केंद्रसंरक्षित किल्ल्यांच्या आवारात परवानगीविना उकरणे हा गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यात बटणाचा लहान आकार हा बचाव ठरत नाही. जी आधीच आपल्याजवळ आहेत, ती कुठे व केव्हा मिळाली हे लिहून पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयात दाखवावीत.