वाचकांचे प्रश्न : दम्याची मुले, शाळेचे फाटक आणि गल्लीतला धूर

प्रश्न : मुलीच्या वर्गात ४० मुले आहेत, त्यांतल्या चौघांना दमा आहे. आम्ही पालकांनी वर्गणी काढून वर्गासाठी एअर प्युरिफायर घ्यायचे ठरवले आहे. कोणत्या क्षमतेचा घ्यावा?
— पालक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आधी वर्ग मोजा. समजा तो २० फूट बाय २५ फूट आहे आणि छत ११ फुटांवर. म्हणजे ५,५०० घनफूट, सुमारे १५६ घनमीटर हवा. फरक जाणवायचा तर ही सगळी हवा तासाला निदान पाचदा गाळली जायला हवी. हिशेब तासाला ७८० घनमीटरवर जातो. घरगुती मशीनच्या खोक्यावर ‘सीएडीआर’ (मशीन तासाला किती स्वच्छ हवा देते तो आकडा) म्हणून ३०० घनमीटर लिहिलेले असेल, तर तो आकडा पूर्ण वेगाचा असतो. त्या वेगात मशीन इतके घोंघावते की बाई शिकवायला लागल्या की पहिला त्याचा वेग कमी करतात. म्हणजे निदान तीन मशिने, वर फिल्टर बदलण्याचा खर्च आणि खिडक्या बंद. बंद वर्गात ४० मुलांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो, तो कुठलाही फिल्टर काढत नाही. खिडकी उघडली की रस्त्याची धूळ परत आत.

म्हणून वर्गणी या कामी घालू नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेवढ्यात आधी शाळेची दम्याची पेटी तयार होते : धाप लागल्यावर घ्यायचा साल्ब्युटामॉलचा १०० मायक्रोग्रॅमचा पंप, दोन स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायच्या पोकळ नळ्या (एक लहान मुलांसाठी मास्कची), आणि चारही मुलांचे एकेक पान. त्या पानावर रोजचे औषध, त्रास झाल्यास किती पफ (पंप एकदा दाबला की एक पफ), पालकांचा फोन आणि डॉक्टरांची सही असावी. पेटी कुलपात ठेवू नये. धाप लागते मैदानावर आणि किल्ली असते ऑफिसात, हे नेहमीचे.

पंपात किती औषध उरले, हे पाण्यात डबी तरंगवून कळत नाही. उलट नळीच्या तोंडाशी पाणी जाऊन ती चोंदते. आकडा दाखवणारा पंप घ्या. तो नसेल तर पेटीला कागद चिकटवून प्रत्येक पफची रेघ ओढा. २०० पफचा पंप २०० रेघांनी संपला असे धरायचे, मग तो फुसफुसत असला तरी. शेवटी शेवटी नुसता वायू येतो.

दुसरे काम फाटकावर. व्हॅन आणि रिक्षा सुटण्याआधी पंधरा-वीस मिनिटे येऊन थांबतात, इंजिन चालूच. सायलेन्सरचा धूर सुटतो तो पहिलीतल्या पोराच्या तोंडाच्या उंचीवर. दोन पालकांनी आठवडाभर वही घेऊन उभे राहावे आणि रोज त्याच वेळी किती गाड्यांची इंजिने चालू आहेत ते लिहावे. मग ती वही घेऊन शाळेशी आणि चालकांशी बोलावे : थांबा फाटकापासून १०० मीटर पुढे, थांबले की इंजिन बंद. महिन्याने पुन्हा मोजावे. आकडा समोर असला की वाद कमी होतो. भरण्या-सुटण्याच्या वेळी रस्त्याकडच्या खिडक्या लावून मागच्या उघड्या ठेवाव्यात, आणि झाडू सकाळी मुले यायच्या तोंडावर न मारता शाळा सुटल्यावर, नंतर ओले पोछे. हे सगळे फुकट आहे.

प्रश्न : नातू सात वर्षांचा आहे. डॉक्टरांनी पंप दिला आहे. पंपाची सवय लागते म्हणून सून तो फक्त धाप लागली की देते. स्पेसरही महाग वाटतो. काय करावे?
— एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : आजी, पंपाची सवय लागत नाही. रोजचा पंप श्वासनळ्यांची आतली सूज उतरवतो. तो बंद केला की सूज परत येते, म्हणून ‘पंपावाचून चालत नाही’ असे वाटते. धाप लागल्यावर घ्यायचा पंप वेगळा, बहुधा निळा; तो आकसलेल्या नळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करतो. रोजचा द्यायचाच नाही आणि निळ्यावर निभवायचे, यातूनच मुले रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचतात. रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

स्पेसर नसेल तर ५०० मिलिलीटरची कोल्ड्रिंकची बाटली चालते. चार वर्षांखालच्या मुलाला मात्र मास्कचाच हवा. पंपाचे तोंड बाटलीच्या बुडावर ठेवून पेनाने आखा. जाड तार त्या आकारात वाकवा, तापवा आणि बुडावर दाबा. भोक रेघेपेक्षा किंचित लहानच ठेवा, म्हणजे पंप घट्ट बसतो. फट राहिली तर टेप. हे काम मोठ्या माणसाने अंगणात करावे. मग बाटली साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि न पुसता उपडी ठेवून निथळू द्या. फडक्याने पुसली की प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतीलाच चिकटते.

पंप हलवा, भोकात बसवा. बाटलीचे तोंड ओठांत घट्ट. एक पफ, लगेच पाच-सहा संथ श्वास. दुसरा पफ अर्ध्या मिनिटाने, पुन्हा हलवून. दोन पफ एकदम मारले तर औषध आतच वाया जाते.

धाप लागल्यावर : मूल बसते ठेवा, आडवे करू नका. निळ्या पंपाचे चार पफ एकेक करून द्या, चार मिनिटे थांबा, फरक नसेल तर पुन्हा चार, आणि १०८ला फोन. वाक्य पुरे बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर वाट न पाहता फोन करा आणि गाडी येईपर्यंत पफ चालू ठेवा. छातीतली शिट्टी थांबली पण मूल गळून गेले, तर ते बरे वाटण्याचे लक्षण नव्हे. हवाच आत जाईनाशी झालेली असते.

एक विनंती. घरात लहान बाळाला न्हाऊ घातल्यावर देतात ती ओवा-धुपाची धुरी आणि रात्री डासांची कॉइल, दोन्ही त्या घरात बंद करा. एका प्रयोगशाळेतल्या मोजणीत एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाले. मच्छरदाणी लावा.

प्रश्न : कॉलनीच्या बागेतला पालापाचोळा माळी रोज पहाटे जाळतो. सांगूनही ऐकत नाही. तक्रार कुठे करायची?
— रहिवासी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : ‘इंदूर ३११’ अॅपवर फोटोसह करा. पण पाला टाकायला जागा दिली नाही तर चार दिवसांनी पुन्हा काडी लागेल. हिवाळ्यात पहाटेची थंड हवा जमिनीलगत बसलेली असते, धूर वर चढत नाही, गल्लीतच रेंगाळतो. आणि ओलसर पाला धुमसत जळतो, म्हणून त्याचा धूर जास्त वाईट.

यावरचा इलाज आपल्याच शहरात सापडलेला आहे. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्या, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेत, खताची जी रीत बसवली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. बागेसाठी सोपे रूप : तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा. सहा इंच पाला, त्यावर दोन इंच शेण किंवा ओला कचरा, मूठभर माती, पाण्याचा शिपका. असे थर वरपर्यंत. ओल मुठीत दाबल्यावर थेंब न पडण्याइतकी. खड्डा भरल्यापासून दोन आठवड्यांनी, एका महिन्याने आणि दोन महिन्यांनी वर-खाली करा; तीन महिन्यांत खत. वास सुटला तर पाणी जास्त झाले, कोरडा पाला घाला. काहीच होत नसेल तर ओल किंवा शेण कमी. ढीग हलवताना बुरशीचे बीजाणू उडतात, त्यामुळे दम्याच्या मुलांना त्या दिवशी बागेत आणू नका आणि माळ्याला मास्क द्या.

प्रश्न : इंदूर २०१७ ते २०२३ देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात सलग पहिले. मग एप्रिलमध्ये मुलांना एवढा खोकला का? आणि आमचा हवेतले कण मोजणारा सेन्सर पावसाळ्यात ३०० कसा दाखवतो?
— शिक्षक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : कचरा उचललेला दिसतो, पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) दिसत नाही. आपल्याकडची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. त्यामुळे ‘समाधानकारक’ हवेतही दम्याच्या मुलाला त्रास होऊ शकतो. एप्रिलमध्ये भर पडते ती गहू निघाल्यावर आसपासच्या शेतांत पेटणाऱ्या नरवाईची, म्हणजे कापणीनंतर उरलेल्या खुंटांची. सेन्सरचे म्हणाल तर स्वस्त लेझर सेन्सर दमट हवेत फुगलेल्या कणांना मोठे कण समजतो. तो उन्हापासून आणि स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टपासून दूर, दोन-तीन मीटर उंचीवर लावा. दहा दिवस छोटी ग्वालटोलीच्या सरकारी हवा-मोजणी केंद्राजवळ ठेवून आकडे जुळवून पाहा, मगच शाळेच्या फळ्यावर लिहा.

प्रश्न : रंगपंचमीची गेर (रंग-गुलालाची मिरवणूक) दाखवायला मुलाला राजवाड्यावर न्यावे का? त्याला दमा आहे.
— आई, परदेशीपुरा, इंदूर

उत्तर : गुलाल उडवणाऱ्या यंत्रांजवळ नको, वरच्या मजल्याच्या खिडकीतही नको, तिथवर गुलाल पोचतो. घरी अंगणात ओला रंग खेळू द्या. निळा पंप आणि स्पेसर हाताशी, पिशवीच्या तळाशी नव्हे.