आडनाव बाजूला ठेवा, बापाचं नाव धरा

प्रश्न : घरात एक मोडी कागद आहे. वाचून घेतला तर नाव निघालं ‘सटवाजी बिन मल्हारजी’, खाली ‘निशाणी नांगर’. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ असलेलं. कागदात ते कुठेच नाही. शके १७९ एवढंच वाचता येतं, शेवटचा आकडा पुसलाय. पुढे ‘विभवनाम संवत्सरे’ आहे. वडिलांच्या पणजोबांचं नाव सटवाजीच होतं. हे तेच का? आणि आडनाव आलं कुठून?

उत्तर : आडनाव नाही म्हणून कागद परका मानू नका. त्या काळी गावच्या कागदांत माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या आणि बापाच्या नावानंच ओळखला जाई. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. कुठे त्याजागी ‘वलद’ दिसेल. मी माझ्या पणजोबांच्या वडिलांना आजच्या आडनावानं शोधण्यात दोन वर्षं घालवली. सापडले ते ‘बिन’च्या ओळीत, आणि तेही आधी दोनदा उलटून गेलेल्या पानावर. त्या ओळीवर बोट ठेवून मी कितीतरी वेळ बसून होतो.

पुसलेल्या आकड्याची काळजी सोडा. संवत्सरांची नावं ६० वर्षांनी फिरून येतात आणि १७९० ते १७९९ या दहांत ‘विभव’ फक्त १७९० ला येतं. त्यात ७८ मिळवा : १८६८. एखाद्या कागदावर फसली सन (महसुली कामातली वेगळी कालगणना) असेल तर साधारण ५९० मिळवायचे. ‘निशाणी’ म्हणजे सहीच्या जागी काढलेली खूण. नांगर ही शेतकऱ्याची निशाणी, पाटीलही तीच करत. म्हणजे सटवाजी जमीन कसणारे होते, एवढं धरून चाला.

आता ‘कर’. गावातल्या गावात कुणी कुणाला त्याच गावाच्या नावानं हाक मारत नाही. माणूस बाहेर पडला की नव्या ठिकाणचे लोक विचारतात, कुठले तुम्ही? तेच पुढे चिकटतं. म्हणून असं आडनाव बहुधा सोडलेलं गाव सांगतं. कागदात ‘मौजे’पुढे कोणतं गाव आहे ते पुन्हा बघा. आडनावातलंच निघालं, तर कागद घराणं तिथून हलण्याआधीचा असू शकतो आणि आडनाव का नाही याचंही उत्तर मिळतं.

तरी नुसत्या नावावर विसंबू नका. नातवाला आजोबांचं नाव ठेवत, त्यामुळे एका घरात दोन सटवाजी सहज निघतात. त्या गावाच्या तहसील कार्यालयात अभिलेख कक्षातून गाव नमुना १४ मागा. जन्ममृत्यूच्या या नोंदवहीला कोतवाल बुकही म्हणतात. ती वर्षं शिल्लक असतील तर सटवाजींच्या मुलांच्या नोंदी बघा. त्र्यंबकेश्वरला किंवा पंढरपूरला घरातलं कुणी गेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांतही विचारा, पण आजचा पत्ता न सांगता जुनं गाव सांगा. आणि जाताना वडिलांच्या आजोबांचं नाव लिहून न्या. सटवाजींचा मुलगा म्हणून ते नाव मिळालं की मला जरूर कळवा.