झोपेत श्वास अडकतो म्हणून सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देणारं) दिलं, पण डॉक्टर पुढे लक्षच देत नाहीत. पुण्यात काय करावं?

माझंही असंच झालं होतं. स्लीप स्टडीत (झोपेच्या तपासणीत) एएचआय, म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा कमी होतो तो आकडा, ३४ आला (३० च्या वर म्हणजे आजार तीव्र), 'मशीन घ्या' म्हणाले आणि विषय संपला. मास्कमधून हवा गळते म्हटलं तर उत्तर, 'होईल सवय.' नाही झाली!

तुमचं मशीन रोजची नोंद ठेवत असेल: किती तास वापरलं, गळती किती, मशीन लावूनही उरलेला एएचआय किती. हा रिपोर्ट मशीनच्या मेमरी कार्डवरून किंवा अ‍ॅपमधून काढा आणि छापून डॉक्टरांसमोर ठेवा. 'झोप नीट लागत नाही' यावर मान हलवून मोकळं होता येतं, 'उरलेला एएचआय १२ आहे, ५ च्या खाली का येत नाही?' यावर नाही.

तरीही ढिम्म असतील तर डॉक्टर बदला. झोपेच्या आजारांचं काम करणारे छातीविकारतज्ज्ञ पुण्यात आहेत. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, 'डॉक्टर सीपॅपचा डेटा बघतात का?' नाक चोंदत असेल तर कान-नाक-घसावाल्यांनाही दाखवा. प्रेशर मात्र विक्रेत्याच्या सांगण्यावरून बदलू नका. आणि दिवसा डुलक्या येत असतील तर तोवर एक्स्प्रेस-वेवर गाडी चालवू नका.