गुरुवारची पोटदुखी

"गुरुवार आला की हिचं पोट दुखतंय बघा मॅडम. बुधवारी रात्रीपासनंच सुरू."

इचलकरंजीतल्या एका शाळेत मी आठवड्यातून एक दिवस समुपदेशनासाठी बसते. समोरच्या बाई खुर्चीच्या कडेला टेकल्या होत्या. कांड्या भरण्याच्या कामावरून तशाच आल्या असाव्यात, कारण केसांत सुताचे बारीक तंतू अडकलेले होते. मुलगी नववीत. तिला इथे कांचन म्हणू. नाव आणि थोडेफार तपशील बदलले आहेत. जंताचं औषध देऊन झालं होतं, सोनोग्राफीही झाली होती आणि त्यात काही निघालं नव्हतं. वेळापत्रक पाहिलं, तर गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर कॉम्प्युटरचे दोन तास.

बाईंच्या मनात मात्र पोटापेक्षा दुसरंच होतं. पर्समधून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. कुठल्याशा ऑनलाइन कोडिंग क्लासची जाहिरात. "वर्षाचे ४२ हजार, हप्त्यानं. फोनवर तो पोरगा म्हणाला, आत्ता नाही शिकली तर पुढं हिला कुणी विचारणार नाही. लावू का? गणितात कच्ची, इंग्रजीत कच्ची. मोबाइल मात्र असा चालवती की थोरल्या भावाला शिकवती. मग कॉम्प्युटरनंच हिचं काय घोडं मारलंय?"

हा प्रश्न मला दरवर्षी चार-पाच घरं तरी विचारतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचा उल्लेख आला आणि त्याच्या बऱ्याच पुढे त्याचा बाजार आला. पालकांना धोरण कुणी समजावून सांगितलं नाही. धास्ती मात्र घरपोच मिळाली.

पहिल्यांदा मी चुकले, हे आधी सांगून टाकते. परीक्षेची भीती आहे असं समजून मी तिला श्वासाचे व्यायाम दिले. ती आज्ञाधारक मुलगी, रोज करायची. पुढच्या गुरुवारी पोट पुन्हा दुखलं, आणि वर "मी नीट केले नसतील" अशी नवी खंत. शेवटी मी सरांची परवानगी काढून लॅबमध्येच मागच्या बाकावर जाऊन बसले. हे पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं.

लॅबच्या दाराबाहेर चपलांची रांग होती. आत गार फरशी, मॉनिटरवर प्लॅस्टिकची खोळ, भिंतीवर "विचारल्याशिवाय हात लावू नये". या गावात मागांची पूजा खंडेनवमीला होते. झेंडूचा हार घालतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच मागावर पाना-हातोडा चालतो. लॅबमधल्या कॉम्प्युटरची पूजा वर्षभर चालते. त्याला पाना कधीच लागत नाही.

एका मशीनला चार मुलं. माऊस ज्याच्या हातात, त्याच्याच हातात तास संपेपर्यंत. कांचन कडेला बसून वहीत पायऱ्या उतरवून घेत होती, सुंदर अक्षरात, लाल पेनानं अधोरेखित करून. मी मोजत होते. पूर्ण तासात तिचं बोट कीबोर्डला एकदा लागलं, स्पेसबारला, तेही शेजारच्यानं "दाब की" म्हटल्यावर.

आईला वाटत होतं, मोबाइल येतो म्हणजे कॉम्प्युटर आलाच पाहिजे. पण मोबाइल तुम्हाला काही ठेवायला लावत नाही. फोटो कुठे गेला, फाइलला नाव काय, फोल्डर म्हणजे काय, हे तो विचारतच नाही; शोधायचं असेल तर बोलूनही काम होतं. कॉम्प्युटर मात्र दर खेपेला विचारतो, ठेवू का, कुठे ठेवू, काय नावानं. आणि तो मोबाइल तरी कुणाचा? भावाचा. त्याला कामावरून यायला उशीर झाला की हिचा दिवस कोरडा. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या 'असर' २०२३ पाहणीत १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ४४ टक्के होते आणि मुली सुमारे २० टक्के. पाहणी ग्रामीण भागातली, आमचं गाव २०२२ पासून महानगरपालिका. पण उंबऱ्याच्या आत फार फरक नाही.

खरी गोष्ट तिसऱ्या भेटीत बाहेर आली. आठवीत असताना प्रकल्प द्यायच्या दिवशी टेबलाखाली तिचा पाय एक्स्टेन्शन बोर्डाच्या बटणाला लागला आणि अख्खी रांग बंद पडली. यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच्या मेल्या होत्या. कुणीच काम सेव्ह केलेलं नव्हतं. बारा मुलांचं काम गेलं. कुणीतरी म्हणालं, "हिला बाहेरच बसवा." वर्ग हसला. तिलाही हसावं लागलं.

"मला भीती नाही वाटत मॅडम," ती म्हणाली. "पण मी चुकले की सगळ्यांचं जातं."

या वाक्यावर कुठलाही क्लास नाही. ४२ हजारांचा तर नाहीच.

तिच्या वडिलांना भेटायचं होतं, पण त्यांची पाळी आणि शाळेची वेळ जुळेना. म्हणून मीच कारखान्यात गेले. ते डॉबीच्या, म्हणजे कापडात नक्षी विणणारी जोडणी असलेल्या, मागांवर काम करतात. खडखडाटात बोलणं अशक्य, बाहेर टपरीवर चहा घेत त्यांनी सुरुवातीलाच हात झटकले. "आमच्या घरात कुणाचं डोकं नाही ओ त्यातलं. मी सातवी नापास."

मग आत नेऊन त्यांनी माग दाखवला, आणि मी बघतच राहिले. मागाच्या वर लाकडी पट्ट्यांची माळ फिरत होती. प्रत्येक पट्टीला भोकं, काही भोकांत खुंटी, काही रिकामी. खुंटी असेल तर ती वही वर उचलली जाते, नसेल तर खालीच राहते. (मागाच्या वह्या, शाळेच्या नव्हेत, ताण्याचे दोरे ओवतात त्या.) माळ संपली की पुन्हा पहिली पट्टी. मी विचारलं, "एखादी खुंटी पडली तर?"

"तर काय? कापडात दर वेळी त्याच जागी दोष. मग माग थांबवायचा, दोषापासनं मागं मोजत यायचं, कुठली पट्टी ते हुडकायचं."

खुंटी आहे किंवा नाही. ठरलेला क्रम. तोच क्रम पुन्हा पुन्हा. आणि चूक सापडेपर्यंत मागे मोजत जाणं. कॉम्प्युटर शिकताना हेच चार वेगवेगळे धडे होतात. फ्रान्समध्ये जॅकार्डनं भोकांच्या कार्डांवर चालणारा माग १८०४ मध्ये केला. तीच कार्डांची कल्पना पुढे चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी उचलली, आणि त्या यंत्रावर १८४३ मध्ये टिपणं लिहिणाऱ्या एडा लव्हलेसनं त्याची तुलना मागाशीच केली. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तो १९०४ मध्ये, जॅकार्डनंतर बरोबर शंभर वर्षांनी. हे मी त्या माणसाला सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे कॉम्प्युटर आमच्यातनं गेलाय?" मी म्हटलं, थोडाफार.

शाळेत कॉम्प्युटर शिकवणारे सर मुळात गणिताचे. लॅब त्यांच्या गळ्यात जादा काम म्हणून पडलेली, आणि काही बिघडलं तर जाब त्यांनाच. ती भिंतीवरची पाटी त्या जाबातून आलेली आहे, हे लक्षात आल्यावर माझा राग उतरला. आम्ही दोघांनी मिळून फारच किरकोळ बदल केले. स्वयंपाकघरातलं टायमर घड्याळ आणलं. दर आठ मिनिटांनी वाजलं की खुर्च्या बदलायच्या आणि माऊस सरकायचा. माऊस ज्याच्या हातात, त्याला बाकीच्यांनी फक्त तोंडानं सांगायचं, हात लावायचा नाही. एक्स्टेन्शन बोर्ड भिंतीला वर ठोकला. ते काम शिपाईमामांनी दहा मिनिटांत केलं, वर्षभर कुणाला सुचलं नव्हतं. आणि एक अख्खा तास बिघडवण्याचा. आधी सेव्ह करा, मग हवं ते मोडा: सगळं पुसा, अक्षरं उलटीपालटी करा, आणि कंट्रोल-झेडनं परत आणा. सर जरा धास्तावले होते. पण त्या तासाला जेवढा हशा पिकला तेवढा त्या खोलीत पूर्वी पिकला नसेल. कांचननं सहा वेळा पुसलं, सहा वेळा परत आणलं. सातव्यांदा मला बोलावून दाखवलं.

इंग्रजीचा अडसर राहिला होता. तिला आम्ही मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिला. 'के' लिहिलेल्या कळीवर 'क'. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. लाल पेनानं अधोरेखन करणाऱ्या मुलीला ही शिस्त आवडलीच. पंधरवड्यात ती आपल्या रांगेत मराठी सर्वांत भरभर टाइप करायला लागली, आणि पहिल्यांदाच कुणीतरी तिला विचारलं, "ए, जोडाक्षर कसं काढायचं गं?"

त्यानंतर सरांनी एक्सेलसारखा तक्ता शिकवायला घेतला. इतर मुलांनी गुणपत्रिका केल्या. कांचननं चौकटी लहान केल्या, खुंटी तिथे १, रिकामं तिथे ०, आणि १ असेल ती चौकट आपोआप काळी होईल असा नियम लावला. चार उभे रकाने, चार ओळी: ११००, ०११०, ००११, १००१. तेच खाली पंधरा वेळा चिकटवलं. पडद्यावर तिरक्या रेघा उतरल्या, ट्विलच्या कापडासारख्या.

दिवाळीआधीच्या पालकसभेला वडील आले. मी मुद्दाम त्यांना लॅबमध्ये नेलं. त्यांनी दाराशी चपला काढल्या, आत येऊन हात मागे बांधून उभे राहिले. कांचननं तक्ता उघडला. ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग हात सोडून पडद्याजवळ बोट नेलं, पण काचेला लावलं नाही.

"हितली चुकलीया. खालनं तिसऱ्या पट्टीत. रेघ तुटली बघ."

खरंच एक चौकट काळी नव्हती. चिकटवल्यानंतर कधीतरी तिच्या हातून पुसली गेली असावी. सरांच्या नजरेतून सुटली होती, माझ्या तर सुटणारच. कांचननं तिथे १ टाकला, रेघ जुळली.

"आणि एवढ्याला डॉबी कशाला," वडील म्हणाले, "चार वह्यांचं हे टॅपेटवर होतंय. सोळा वह्यांचं कर, मग बघतो." (टॅपेट म्हणजे साध्या विणीची जोडणी, तिला पट्ट्यांची माळ लागत नाही.) तिनं वहीत "१६" लिहून घेतलं आणि लाल पेनानं अधोरेखित केलं.

क्लासचं उत्तर मी बाईंना त्याच दिवशी दिलं. आत्ता नको. कोडिंग वाईट म्हणून नव्हे. घरी कॉम्प्युटर नाही, आणि भावाच्या मोबाइलवर रात्री दहाला तो क्लास ती कसा करणार होती? असा क्लास लावायचाच झाला, तर आधी एक फुकटचा तास मुलीच्या शेजारी बसून बघा. चूक झाल्यावर शिकवणारा स्वतः दुरुस्त करून पुढे जातो, की तिला हुडकू देतो? बाई म्हणाल्या, "आमच्या मालकांसारखं?" मी म्हटलं, अगदी तसंच. हप्त्याचा पहिला फॉर्म भरला गेला होता, पैसे गेले नव्हते. तो पोरगा आणखी चार वेळा फोन करत राहिला, मग थांबला. त्याऐवजी त्यांच्या शेजारच्यांचा जुना, बॅटरी गेलेला लॅपटॉप दोन हजारांत घरी आला. तो वायर लावूनच चालतो, आणि आता टेबलाखाली पाय कुणी हलवायचा नाही हा नियम कांचनचा आहे.

गणित अजून बेताचंच आहे. इंग्रजीही. ते या भेटींचं काम नव्हतं.

परवा बाई बाजारात भेटल्या. गुरुवारचं दुखणं थांबलंय म्हणाल्या. "पण मॅडम, आता शनिवारी दुखतंय."

शनिवारी सकाळी पी.टी.चा तास असतो. येत्या आठवड्यात मला मैदानावर जाऊन बसायचं आहे.