मस्कीसाठी (उत्तर अमेरिकेतला मोठा शिकारी मासा) जड लूर (नकली आमिष) फेकायला ब्रेडेड लाइन (ब्रेड, म्हणजे विणलेली गळाची दोरी) किती पाउंडाची, म्हणजे किती ताण सोसणारी घ्यावी: ६५ की ८०?

८०चीच घ्या, पाव किलोच्या वरचे रबरी लूर असतील तर सरळ १००ची. विक्रमी मस्कीसुद्धा जेमतेम ३० किलोंचा, म्हणजे प्रश्न माशाच्या वजनाचा नाहीच. लाइन तुटते ती फेकताना: रिळावर गुंता झाला की उडत्या लूरचा सगळा झटका तिच्यावर येतो आणि महागडा लूर एकटाच तळ्यात जातो. ६५ची बारीक, त्यामुळे जोर पडला की खालच्या वेढ्यांत रुततेही. रिळावर आधी थोडी साधी नायलॉनची लाइन गुंडाळा, नाहीतर ब्रेड जागच्या जागी फिरते. टोकाला स्टीलचा किंवा जाड फ्लुरोकार्बनचा (एक चिवट प्लास्टिक) लीडर, म्हणजे लाइन आणि लूर यांच्यामधला मजबूत तुकडा, हवाच, मस्कीच्या दातांपुढे नुसती ब्रेड टिकत नाही. फक्त हलके बकटेल (केसांच्या झुपक्याचे लूर) फेकणार असाल, तर मात्र ६५ची पुरते. टोकाकडची हातभर लाइन अधूनमधून चाचपा. खरखरीत लागली की कापून नवी गाठ मारा.