फोंतेन्हासमधलं नूतनीकरण केलेलं जुनं घर विकत घ्यावं का?

पणजीच्या फोंतेन्हासमधलं शंभरेक वर्षांचं दुमजली घर, ‘पूर्ण नूतनीकरण केलेलं’ अशी जाहिरात, पुण्यातला फ्लॅट विकून तिथे कायमचं राहायला जायचा विचार आणि जमल्यास वरच्या दोन खोल्यांत होमस्टे. घ्यावं का, आणि घेताना काय बघावं, असं तुम्ही विचारलंय.

राहायलाच जाणार असाल तर जरूर घ्या. मात्र नूतनीकरणापोटी मालक जे जास्तीचे पैसे मागतोय ते कबूल करण्याआधी, ते काम चुन्यात केलंय की सिमेंटमध्ये, हे शोधून काढा. सौद्याचं अर्धं गणित त्यावर ठरतं. उरलेलं अर्धं विकणाऱ्यांच्या सह्यांवर. मी गोव्यात जुन्या घरांच्या दुरुस्तीचीच कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोंतेन्हास आल्तिन्हो टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि समोर ओरेंची खाडी. टेकडीवरून झिरपणारं पाणी मागच्या बाजूने येतं, खाडीची भरती पुढून. पणजीत वर्षाला जवळपास ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. इथल्या जुन्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, चांगल्या दीड-दोन फूट जाडीच्या. चिरा सच्छिद्र दगड आहे, तो जमिनीतलं पाणी वर ओढून घेतो. जुन्या गवंड्यांना हे पक्कं ठाऊक होतं. चिऱ्यावर चुन्याचा गिलावा आणि त्यावर चुन्याचाच रंग दिला की ओढलेलं पाणी दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत भिंतीतून बाहेर पडतं. पोर्तुगीज अमलात दर पावसाळ्यानंतर घरं रंगवायची रीत होती, आणि पांढराशुभ्र रंग चर्च-चॅपेलसाठी राखलेला. त्यातूनच आज लोक ज्याचे फोटो काढायला येतात ते पिवळे, निळे, तांबडे रंग आले.

आता त्याच भिंतीवर कुणी सिमेंटचा गिलावा चढवला आणि वर प्लास्टिक पेंट मारला, की पाणी आतच कोंडतं. ते आणखी वर चढतं, चार फुटांवर, पाच फुटांवर कुठेतरी बाहेर यायला बघतं. पाण्यातलं मीठ रंगाखाली फुलतं आणि पोपडे धरतात. हे दिसतं तरी. खरं नुकसान दिसत नाही: पहिल्या मजल्याच्या तुळयांची टोकं याच ओल्या भिंतीत रुतलेली असतात. मागे शेजारच्याच सांव तोमे वाड्याच्या बाजूला एका नव्याने सजवलेल्या घरात भिंतीला सागवानी पॅनेलिंग होतं, देखणं. एक फळी काढून पाहिली तर तुळई बाहेरून धडधाकट आणि भिंतीत गेलेलं टोक भिजलेल्या पावासारखं; स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. त्या घराला गिऱ्हाईक लागलेलं होतं, टोकन तेवढं द्यायचं बाकी होतं.

म्हणून घर बघायला डिसेंबरात जाऊ नका. दलाल नेमके तेव्हाच बोलावतात, कारण तेव्हा पणजीतलं प्रत्येक घर कोरडं असतं. ऑगस्ट-सप्टेंबरात जा, सलग दोन-तीन दिवस पाऊस झाल्यावर. तळमजल्याच्या भिंतीवर हात फिरवा. चुन्याचा रंग असेल तर बोटाला पांढरट भुकटी लागते, आणि पाणी शिंपडलं तर भिंत ते पिऊन टाकते. प्लास्टिक पेंटवरून थेंब ओघळून जातो. गिलावा बोटाच्या सांध्याने ठोका, पोकळ आवाज आला तर तो भिंत सोडतोय. जमिनीपासून तीन-चार फूट उंचीपर्यंत टाइल, लाकूड किंवा जिप्सम बोर्ड लावलेला दिसला तर हमखास विचारा, याच्या मागे काय आहे? ओल झाकायची ती सगळ्यात सोपी युक्ती आहे.

छप्पर बघायचं ते आतून. फॉल्स सीलिंग केलं असेल तर एक पॅनेल उघडायला लावा. मंगलोरी कौलं फुटतात, बदलता येतात, त्यांचं एवढं काही नाही. वासे भिंतीवर जिथे टेकतात ती टोकं, तिथली वाळवीची माती, आणि दोन उतार मिळतात तिथली पन्हळ, या तीन गोष्टी बॅटरी मारून नीट पाहा. फोंतेन्हासमधली घरं एकमेकांना चिकटून ओळीने उभी आहेत. शेजारच्याशी भिंत सामाईक, आणि कित्येकदा मधली पन्हळही सामाईक. शेजारचं घर बंद पडलेलं असेल, त्याचं छप्पर बसलेलं असेल, तर त्याचं पाणी तुमच्या भिंतीत उतरणार आणि तुम्हाला काहीही करता येणार नाही. तेव्हा दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना भेटा. त्यांना त्या घराची पावसाळ्यातली अवस्था मालकापेक्षा चांगली ठाऊक असते.

वर होमस्टेच्या खोल्या काढताना लाकडी तक्तपोशीवर नवी बाथरूमं बसवली असतील तर बरोबर त्यांच्याखाली जाऊन उभे राहा आणि छत पाहा. जुन्या लाकडावर काँक्रीट ओतून त्यावर बाथरूम केलेली मी पाहिली आहेत. तसं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने वजनाचा हिशेब करून लेखी दिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं टिकून असतील तर तुमचं नशीब. त्यातून येणारा दुधी उजेड काचेला येत नाही. पण तो शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. गोव्यात वास्कोजवळच्या चिखलीच्या खाडीत तो अजून सापडतो, तरी काढायला बंदी आहे. कुणी ‘नवीन बसवून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. पडक्या घरांतून निघालेली जुनी तावदानं मिळतात, तीही रीतसर कुठून आली ते विचारून घ्यावीत.

आता कागद. इथे महाराष्ट्रातून येणारे गोंधळतात. पणजी शहरात सातबारा नसतो. सिटी सर्व्हेचा पी. टी. शीट नंबर आणि चलता नंबर असतो आणि नावं फॉर्म डीवर असतात. तिथे नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं समजू नका. त्यामागे पोर्तुगीजकालीन भूनोंदणीतल्या नोंदी असतात आणि त्या पोर्तुगीज भाषेत. त्यांचं भाषांतर करून मालकीची साखळी जुळते का, हे गोव्यातल्या वकिलाकडूनच तपासा. पुण्याचा वकील कितीही हुशार असला तरी हे त्याचं रोजचं काम नव्हे.

कारण गोव्यात कौटुंबिक मालमत्तेचा कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. घर एकट्याच्या नावावर असलं तरी विकताना जोडीदाराची सही लागते. मूळ मालक वारला असेल तर प्रत्येक वारस आणि प्रत्येक वारसाचा जोडीदार. सहा विवाहित भावंडं म्हणजे बारा सह्या, त्यातली दोन माणसं लिस्बनला, चार लंडनला. वारसांची निश्चिती नोटरीच्या दस्ताने झाली आहे की कोर्टात इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीची कारवाई) होऊन वाटे पडले आहेत, हे पहिल्याच भेटीत विचारा. ‘बाकीचे सही देतील, आपलेच आहेत’ यावर एक रुपयाही देऊ नका. परदेशातून आलेलं मुखत्यारपत्र विक्रीचा अधिकार स्पष्ट देतं का, तेही वकिलाला वाचू द्या. विकणारे अनिवासी असतील तर टीडीएसचा नेहमीचा एक टक्का चालत नाही, दर बराच जास्त असतो आणि तो कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुमची.

आणखी तीन गोष्टींची खातरी करा. १९६१ नंतर काही मालक पोर्तुगालला निघून गेले आणि त्यांच्या मालमत्ता इव्हॅक्युई प्रॉपर्टी म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात आल्या. हे घर त्या यादीत नाही ना? तळमजल्यावर जुना भाडेकरू किंवा मागच्या अंगणात मुंडकार (मालकाच्या जागेत घर करून राहणारा) नाही ना? १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला हक्क मिळालेले आहेत, तुमच्या खरेदीने ते संपत नाहीत. आणि फोंतेन्हास संवर्धन क्षेत्रात येतं, तर केलेल्या नूतनीकरणाला परवानगी होती का? मंजूर नकाशा हातात घेऊन घरभर फिरा. मागे वाढवलेली खोली किंवा रस्त्याच्या बाजूची बदललेली खिडकी नकाशात नसेल तर ती भानगड उद्या तुमच्या नावावर येणार. होमस्टेसाठी पर्यटन खात्याची नोंदणी वेगळी करावी लागते.

राहण्याबद्दल थोडं. गाडी दारात लागेलच असं नाही. दाराबाहेर फोटोसाठी लोक उभे राहतात, काही घरांनी तर ‘फोटो काढू नये’ अशा पाट्या लावल्या आहेत. पण सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो, चालत जाऊन मासळी आणता येते, संध्याकाळी शेजारी दारात बोलत बसतात. या गल्ल्यांतली घरं एकेक करून हॉटेलं आणि कॅफे होत चालली आहेत. इथे दिवा लावून राहणारं कुटुंब येतंय हे ऐकूनच मला बरं वाटलं, म्हणून एवढं लिहिलं.

सौदा करताना मालकाकडे दुरुस्तीआधीचे फोटो आणि सामानाची बिलं मागा. चुना वापरला असेल तर चुन्याची बिलं निघतील आणि तो आनंदाने दाखवील. सिमेंट निघालं तर घर सोडायलाच हवं असं नाही, पण मग ते नूतनीकरण न केलेलं घर समजून भाव बोला. सगळा गिलावा खरवडून भिंती एक अख्खा उन्हाळा उघड्या वाळू द्याव्या लागतील, नंतर चुना. तेवढा खर्च आणि तेवढ्या काळाचं तुमचं दुसरीकडचं भाडं किमतीतून वजा करून घ्या.