'कोल निद्रे' हातात घेतलंस, तर आधी हे वाच

नोट्स सोप्या दिसतात म्हणून संगीतकार माक्स ब्रुखचं 'कोल निद्रे' (चेलो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) निवडलं असशील, तर जरा थांब. खरी कसोटी विरामांची आहे. पहिली धून योम किप्पुरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, संध्याकाळी सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) म्हटली जाणारी. चेलो तिथे गायकाच्या जागी आहे. तुटक स्वरांमधल्या विरामात बो (गज) उचलू नकोस, तारेवरच स्थिर ठेव. उचललास की पुढचा स्वर हमखास धक्क्याने सुरू होतो. व्हायब्रेटोही (बोटाने स्वराला दिलेलं कंपन) आवर, पहिल्याच ओळीत हुंदके काढलेस तर पुढे काय उरणार?

ब्रुखला बरेच जण ज्यू समजतात. तो प्रोटेस्टंट होता. या धुना त्याला बर्लिनमध्ये कळल्या आणि ही रचना 1881 मध्ये छापून आली.

डी मायनर हा स्वरसमूह संपून डी मेजर लागतं, हार्प येते, तिथे सगळे रेंगाळतात. सरावात मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) एट्थ नोटवर, म्हणजे एक-अष्टमांश स्वरावर, लाव आणि मनातल्या मनात मोजत राहा. ऑर्केस्ट्रा नसेल तर पियानोवाल्याकडून हा भाग वेगळा वाजवून घे. चेलोवादक पाब्लो कासाल्सचं 1936 चं रेकॉर्डिंग ऐक, पण बोटं बसल्यावरच. आधी ऐकलंस तर नक्कलच होते.